एकहाती अट

प्रिय आई,

मायना काय लिहायचा यावरच मी पेन धरून बराच वेळ बसले होते. तुमच्या मुलाशी असलेलं माझं नातं कोर्टाने रीतसर संपवलं आणि त्याची एकेक प्रत आम्हा दोघांच्या हातात दिली. पण 'आई' या शब्दाचं काय करायचं ते तिथे कोणी विचारलं नाही, म्हणून मीही तो सोडला नाही. चालत नसेल तर लाल शाईने खोडा. शाळेतून तुम्ही निवृत्त झालात, तुमचा लाल पेन काही झालेला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आधी बातमी सांगते, तुम्हाला पाल्हाळ आवडत नाही. आपला शर्ट जिंकला. मोठमोठ्या दुकानांना तयार कपडे पुरवणारी एक कंपनी तो शिवून विकणार आहे, आणि तोही आपल्या अटींवर. सगळ्या अटी जशाच्या तशा. एकीलाही त्यांनी कात्री लावलेली नाही, आणि लावायचा प्रयत्न केला नाही असं मुळीच नाही. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ऐकत नाही, नुसत्या बोलता. शिवाय ही गोष्ट सवडीने सांगायची आहे. तेव्हा चष्मा लावा, खुर्ची खिडकीकडे ओढून घ्या आणि मधे मधे माझ्या ऱ्हस्व-दीर्घांकडे बघू नका.

तुम्हाला अर्धांगाचा झटका आला त्या वर्षी मी कपड्यांच्या कारखान्यात बेतकाम करत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या मापाचे खांदे आणि मुंडे कापायचे आणि घरी आल्यावर भाजी चिरायची, म्हणून तुम्ही माझं नाव 'कात्री' ठेवलंत. जिभेवरूनही ठेवलं असेल, पण तसं तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. दवाखान्यातून घरी आल्यावरची पहिली सकाळ मला आठवते. तुमचा उजवा हात मी बाहीत घालायला गेले आणि तो कोपरापाशी अडकला. मी जरा ओढलं. तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवलंत. दुखलं नव्हतं, दुखायला त्या हातात काही उरलंच नव्हतं. चाळीस पोरांचा वर्ग नुसत्या भुवईने गप्प करणाऱ्या बाईला कुणीतरी दुसऱ्याने कपडे चढवावेत, हे तुम्हाला सोसत नव्हतं. घरी येणाऱ्या नर्सने पाठीमागे नाड्या बांधायचा झगा सुचवला. तुम्ही तिला म्हणालात, “मी आजारी आहे. गाठोडं नाही.”

मग जेवणाच्या टेबलावर आपण दोघींनी काय काय उद्योग केले. जुन्या चादरी फाडल्या, तुमच्या मुलाचे दोन चांगले शर्ट बळी दिले. बाही रुंद करून पाहिली, तर ती आमटीत बुडायची. काखेतला मुंडा खोल करून पाहिला, तर खांद्यावरून सगळंच घसरायचं. माझी सगळी विद्या संपली, तेव्हा तुम्ही उशिरा आलेल्या पोराला विचारावं तशा सुरात म्हणालात, “हात बाहीत जात नाही ना? मग बाहीने हाताकडे यावं.” मी कात्री खाली ठेवली. इतकी वर्षं मी बाह्या कापत होते, पण बाही म्हणजे नळी, आणि नळीत हात घालायचा, यापलीकडे माझं डोकं कधी गेलंच नव्हतं. त्याच दुपारी मी बाही गळ्यापासून मनगटापर्यंत वरच्या अंगाने उभी उघडली. निकामी हात मांडीवर ठेवायचा, बाही त्याच्यावर पांघरायची आणि चांगल्या हाताने मनगटापासून वर गळ्याकडे बंद करत जायची. झालं.

बंद कशाने करायची यावरून आपली चांगलीच जुंपली होती. वेल्क्रोची चिकटपट्टी तुम्ही दुसऱ्याच दिवशी नापास केलीत. ती चर्रकन आवाज करते आणि चारचौघांत माझी दवंडी पिटते, म्हणालात. मग कापडाच्या आत लोहचुंबकाच्या चकत्या शिवल्या. दोन चकत्यांमधलं अंतर तुमच्या डाव्या हाताच्या वितीने ठरलं. आणि एवढं झाल्यावर तुमचा हट्ट, की वरून बटणं हवीतच. खोटी चालतील, पण दिसली पाहिजेत. तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. आज आपला शर्ट जो बघतो तो आधी बटणंच बघतो आणि हा साधा शर्ट आहे असं समजून पुढे जातो. तुम्हाला नेमकं तेच हवं होतं. आपला तो पहिला निळा शर्ट स्वतःचा स्वतः घालून एक दिवस तुम्ही बाहेरच्या खोलीत येऊन बसलात आणि पेपर मागितलात. तुमच्या मुलाने विचारलं, आज एवढ्या लवकर कोणी आवरून दिलं? तुम्ही पेपरातून डोकं न काढता सांगितलंत, “शर्टाने.”

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. आमचं का नाही जमलं, हे लोक मला अजून विचारतात. मी सांगते, एकाच पायाच्या दोन चपला होत्या. दोन्ही चांगल्या, पण जोडी नाही. मी निघाले तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात. थांब म्हणाला नाहीत, जा म्हणाला नाहीत. “धार जाऊ देऊ नकोस,” एवढंच म्हणालात. नंतर तुम्ही सगळे दुसऱ्या शहरात गेलात, घरात नवी सून आली. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी फोन कमी करत गेले आणि तुम्हीही ते समजून घेतलंत. आपण दोघी या बाबतीत फार शहाण्या निघालो. जरा कमी शहाण्या असतो तर बरं झालं असतं.

माझी आताची खोली तुम्ही पाहिलेली नाही. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आहे, त्याच्या यंत्राची करकर दिवसभर जिन्यातून वर येते. भिंतीला लागून लांब टेबल आणि खिडकीतून दुपारपर्यंत चांगला उजेड. कारखाना सोडल्यावर मी इथे आपल्या शर्टाचा कागदी साचा कॉम्प्युटरवर चढवला आणि ऑनलाइन विकायला ठेवला. शर्ट नाही हं, नुसता साचा. घेणाऱ्याला फाइल मिळते, तो ती घरी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात छापतो, कागद जोडतो, कापड बेततो आणि शिवतो. मला वाटलं होतं, कोण घेणार? पहिल्यांदा घेतला तो एका निवृत्त ड्रायव्हरने, बायकोसाठी. शिलाई त्याला येत नव्हती, ती तो बायकोकडून शिकला. ती पलंगावरून सांगायची आणि हा मशिनवर चुकायचा. त्याने पाठवलेल्या फोटोत शर्टाची शिलाई वाकडी आहे आणि बाई हसते आहे.

मग एका शिंप्याने विचारलं, तुमच्या साच्यावरून मी शर्ट शिवून विकले तर चालेल का? फाइल हा मोठा विचित्र माल आहे, आई. भाकरी विकली की ती आपल्याकडून गेली, फाइल विकली तरी ती आपल्याकडेच राहते, घेणाऱ्याकडेही राहते आणि त्याने पुढे शंभरांना दिली तर त्या शंभरांकडेही. तेव्हा विकताना फाइल द्यायची, पण तिचं काय करायचं आणि काय नाही हेही सांगून द्यायचं असतं. त्याला परवाना म्हणतात. मी तो लिहिलाच नव्हता. त्याची फळं लवकरच मिळाली. कुणीतरी आपला साचा उचलून स्वतःच्या नावाने स्वस्तात विकायला लागलं. तेही एक वेळ सोडून दिलं असतं, पण त्याने पानं लहान करून ठेवली होती. छापल्यावर बाही चार बोटं आखूड यायची. एका मुलीने तो साचा घेतला, वडिलांसाठी शर्ट शिवला आणि शोधत शोधत मला पत्र पाठवलं: बाबांचा हात उघडा राहतो, त्यांना लाज वाटते, तुम्ही असं का केलंत? मी केलेलं नव्हतं. पण ते पत्र वाचून जेवण गेलं नाही.

त्या दिवशी ठरवलं, अटी लिहायच्या. रस्त्यापलीकडे एक वकीलबाई बसतात, त्यांच्या बाह्या मी अधूनमधून दुरुस्त करते. त्यांनी नमुना म्हणून तयार अटींचा एक गठ्ठा दिला. सदर परवानाधारक, उपरोक्त मजकूर, यथास्थिती. वाचता वाचता मला तुमचा आवाज ऐकू आला. फ्रिजच्या हमीपत्रावरून तुम्ही त्या विक्रेत्याला झापलं होतंत ना, की ज्या वाक्यात शिरायला वाट आहे पण बाहेर पडायला नाही, ते वाक्य गिऱ्हाइकाला कोंडायला लिहिलेलं असतं. तो गठ्ठा मी परत केला आणि कोऱ्या कागदावर लिहायला बसले. 'हा साचा आम्ही बनवला आहे. घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी हवे तेवढे शर्ट शिवा. फाइल मात्र पुढे देऊ नका. ज्याला हवी त्याला आमच्याकडे पाठवा, परवडत नसेल तर तसं सांगायला लावा, आम्ही देऊ.' हा घरगुती परवाना. धंदेवाल्यांचा वेगळा: 'शर्ट शिवून विका, वर्षाची फी भरा. साच्याचं माप बदललं तर ते तुमचं काम आहे, आमचं म्हणून सांगू नका. छातीत यंत्र बसवलेल्या माणसाला लोहचुंबक चालत नाही, ही सूचना प्रत्येक शर्टावर शिवा.' आणि शेवटची अट, जिच्यावरून पुढे महाभारत झालं: 'विकण्याआधी तुमचा शर्ट एका माणसाने खुर्चीत बसून, एका हाताने, दात न लावता, भिंतीला न टेकता आणि कोणाची मदत न घेता घालून दाखवला पाहिजे. तो घालता आला नाही तर विकायचा नाही.' वकीलबाई वाचून म्हणाल्या, अशी भाषा मी कोर्टात कधी पाहिली नाही. मग म्हणाल्या, पण हिच्यातून पळ कसा काढायचा तेही मला दिसत नाही. स्वतःच्या नावाने विकणाऱ्या त्या चोराला त्यांनी याच भाषेत नोटीस धाडली. आठवड्याभरात त्याने दुकान गुंडाळलं.

आणि मग एक दिवस घरगुती परवाना घेणाऱ्या एका बाईचा निरोप आला. माझ्या सासूबाईंचा उजवा खांदा बराच उतरला आहे, तर साच्यात किती कमी करायचं? सोबत मापं होती. आई, नाव बघायच्या आधी मी मापं बघते, ती माझी खोडच आहे. गळा, पाठ, डावा हात आणि शेवटी डावी वीत. मी खुर्चीत मागे टेकून बसले. तो निळा शर्ट विरला असणार, आणि तुमच्या सुनेने, कुणाचा साचा घेतेय हे न कळताच, तो नेमका माझ्याकडून घेतला होता. मी ओळख दिली नाही. फक्त उजवा खांदा तुमच्या अंगाचा आखला, कॉलर तुम्हाला आवडते तशी अर्धं बोट उंच केली आणि फाइल परत पाठवली. चार दिवसांनी तिचं उत्तर आलं: शर्ट अगदी छान बसला. सासूबाईंनी कॉलर चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, ही कात्री ओळखीची आहे. ताई, तुम्ही त्याच का? तिने मला ताई म्हटलं. तेव्हापासून ती मला तुमची खबरबात कळवत असते. हे तिने तुम्हाला सांगितलं नसेल तर आता कळलं, तिला रागावू नका. पोरगी गुणी आहे. तुमच्या मुलाला जोडी मिळाली.

आता कंपनी. ती आली ती हात जोडूनच. साचा आम्हाला आवडला, सगळ्या हक्कांसकट विकत घेतो, हा आमचा आकडा. आकडा ऐकून खालचा किल्लीवालाही चावी फिरवायचा थांबला असता. पण सगळ्या हक्कांसकट म्हणजे काय, हे वकीलबाईंनी मला समजावलं. त्यानंतर त्या ड्रायव्हरने बायकोसाठी दुसरा शर्ट शिवला तरी तो चोर. मी नाही म्हटलं. साचा विकायचा नाही, परवाना देईन, इतर शिंप्यांना देते तसाच, तुमच्या आकाराला शोभेल अशा फीवर. दीड महिना ते येत राहिले. दर खेपेला आकडा वाढायचा आणि अटी कमी करायचं बोलणं निघायचं. माझ्या आईने, सख्ख्या आईने, मला वेड्यात काढलं. खरं सांगते, एक-दोनदा मलाही तसंच वाटलं.

शेवटी त्यांनी भेटायला बोलावलं. काचेची मोठी खोली, पाण्याच्या बाटल्या ओळीत मांडलेल्या, टेबल इतकं गुळगुळीत की कागद घसरावा. त्यांचे वकील, त्यांचे उत्पादनप्रमुख, आणि या बाजूला मी आणि वकीलबाई. घरगुती परवाना चालू राहील, हे त्यांनी मान्य केलं. इतर शिंपीही शिवतील, हेही कुरकुरत मान्य केलं. अडलं ते एकहाती अटीवर. त्यांचे वकील म्हणाले, ही अट आहे की खेळ? अशाने प्रत्येक बदलाला कोणीतरी खुर्चीत बसवावं लागेल. मी म्हटलं, हो. तेवढंच करायचं आहे. त्यांनी आपला नमुना आणला होता, सुंदर शिवलेला, मान्यच करायला हवं. फक्त मनगटाशी चुंबकाऐवजी खरं बटण लावलं होतं. एकच तर बटण आहे, म्हणाले, तेवढाच खर्च वाचतो.

उत्पादनप्रमुख म्हणजे धिप्पाड गृहस्थ, मिशा भरघोस, हात फावड्यासारखे. ते स्वतःच म्हणाले, द्या इकडे, मी घालून दाखवतो, विषय संपवू. उजवा हात मांडीवर टाकला, बाही पांघरली, बटण शेवटी ठेवून कोपरापासून गळ्यापर्यंत झकास बंद केली. मग मनगट. डाव्या हाताची बोटं त्या एका बटणाशी झटापट करू लागली. बटण काजात अर्धं शिरायचं आणि बाहेर यायचं. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि स्वतःच्याही नकळत त्यांनी मान खाली नेऊन कफ दातांत धरला. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, “दात.” ते तसेच थांबले, कफ तोंडात. मग स्वतःच खदखदून हसले, आणि मग हसायचे थांबले. शर्ट उतरवून त्यांनी त्याची नीट घडी घातली. म्हणाले, “माझे वडील शेवटची तीन वर्षं हेच करत होते. आणि मी त्यांना म्हणायचो, एवढं बटण लागत नाही का तुम्हाला?” आपल्या वकिलांकडे न बघताच ते म्हणाले, अट राहू द्या. वकिलांनी पुन्हा काही म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “राहू द्या म्हटलं ना. आणि ती आधी छापा, पहिल्या पानावर.”

बाहेर आल्यावर मी रस्त्याच्या कडेला उभी राहून इतकी हसले की फळवाल्याने विचारलं, बाई, बरं आहे ना? मी त्याच्याकडून पिशवीभर फळं घेतली आणि एक त्यालाच दिलं. वकीलबाई चालत चालत त्या अटी पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचत होत्या, जणू शाळेतली कविता. मला एकाएकी हलकं वाटलं आणि उंचही. माझ्या आईला फोन केला तर ती म्हणाली, मी तर आधीपासून सांगत होते, टिकून राहा. असं ती कधी सांगत होती, हे मी विचारलं नाही. जिंकलेल्या माणसाने उदार असावं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. त्या संध्याकाळी वकीलबाई म्हणाल्या, एकहाती जिंकलीस. आणि लगेच कराराची शेवटची ओळ भरायला त्यांनी पेन काढलं: साचा कोणी बनवला? मी माझं नाव सांगितलं. त्यांनी लिहिलं नाही. म्हणाल्या, तुझ्या प्रत्येक अटीत 'आम्ही' आहे. आम्ही बनवला, आम्ही देऊ, आमच्याकडे पाठवा. तू तर एकटीच राहतेस. हे आम्ही कोण? आई, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. अटी लिहिताना दुसरा कोणता शब्द मला सुचलाच नव्हता. मी त्यांना ते जेवणाचं टेबल सांगितलं, चादरी, बाही, वीत, खोटी बटणं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग याच्या दोन मालकिणी आहेत, आणि दुसरीने सही केल्याशिवाय पहिलीला करता येणार नाही. तेव्हा करार सोबत पाठवते आहे. कंपनी थांबली आहे, तिला थांबू दे. सावकाश वाचा, लाल पेन चालवा, जिथे अडखळाल तिथे वाक्य बदलू. जे येईल त्यात अर्धा वाटा तुमचा राहील, आणि डाव्या हाताची सही कायद्याला चालते, हे मी विचारून घेतलं आहे. नको वाटलं तर नको म्हणा, मग हा करार होणार नाही आणि मी पुन्हा ड्रायव्हरसाहेबांना फाइली पाठवत बसेन, त्यातही मला मजा आहे. फक्त नावांच्या क्रमावर वाद घालू नका. तुमचं नाव पहिलं घातलं आहे. तुम्ही मोठ्या म्हणून नाही. आधी तुम्हाला बाही सुचली, रेघा मी नंतर ओढल्या.

तुमचीच,
कात्री